महापालिकेच्या शाळांतल्या मुलांसाठी वर्षाला ६ लाख: कोल्हापुरात नेमके कशावर लावावेत?

रंकाळा_काठ:
नमस्कार मंडळी. शिवाजी पेठेतल्या आम्ही काही जणांनी मिळून शहरातल्या मुलांच्या शिक्षणासाठी दरवर्षी ६ लाख रुपये द्यायचं ठरवलं आहे. निदान ३ वर्षांची तयारी आहे. महापालिकेच्या दोन शाळा डोळ्यांसमोर आहेत, मुलं चौथी ते सातवीतली. आतापर्यंत तीन सूचना आल्या: वह्या-दप्तरं वाटावीत, टॅब द्यावेत, हुशार मुलांना शिष्यवृत्ती द्यावी. यातलं कशात पैसा वाया जातो आणि कशाने मुलाचं खरंच काही भलं होतं? परवानगी कुणाची लागते? संस्था नोंदवावी लागेल का? या कामाची माहिती असणाऱ्यांनी तपशिलात सांगावं.

पाटीपेन्सिल:
दादा, पैसे देण्याआधी दोन दिवस मोजणीला द्या. चौथी ते सातवीच्या प्रत्येक मुलाला एकेकटं समोर बसवा. दुसरीच्या पातळीचा एक परिच्छेद वाचायला द्या. तो अडखळत असेल तर साधे शब्द, तेही जमत नसतील तर अक्षरं. गणितात हातचा घेऊन एक वजाबाकी आणि तीन आकडी संख्येला एक आकडी संख्येने भागणारा एक भागाकार. एका मुलाला ६-७ मिनिटं पुरतात. चार जण बसले तर १२० मुलं दोन दिवसांत आरामात होतात. पाढे पाठ म्हणवून घेऊ नका, घोकंपट्टी लगेच फसवते.

हे झाल्यावर वर्ग विसरा आणि पातळीप्रमाणे गट करा. सहावीतला जो मुलगा शब्दापर्यंतच वाचतो, त्याच्यापुढे सहावीचं पुस्तक ठेवून उपयोग नाही. इतिहास, विज्ञान, शाब्दिक उदाहरणं सगळं वाचनावरच उभं आहे. तो तसाच पुढच्या वर्गात ढकलला जातो आणि अंतर वाढत जातं. त्याच्या पातळीपासून रोज एक तास नेमाने मिळाला, तर तो बराच वर येतो.

गट १५ मुलांचा, त्याहून मोठा नको. तासाची मांडणी साधी ठेवा: १० मिनिटं गप्पा किंवा गोष्ट सांगणं, २० मिनिटं मोठ्या अक्षरातला तक्ता बोट ठेवून वाचणं, १५ मिनिटं बाराखडीचे किंवा शब्दांचे खेळ, शेवटची १५ मिनिटं स्वतःच्या मनाने लिहिणं. गणिताला दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि कागदी नोटा घ्या. हातचा म्हणजे काय, हे गठ्ठा सोडल्याशिवाय कळत नाही. फळ्यावर शंभर वेळा करून दाखवलं तरी नाही.

६ लाखांचा हिशेब असा बसतो. वस्तीतल्याच, बारावी किंवा पदवी झालेल्या चार ताई, रोज दोन गट, महिना ८,००० प्रमाणे १० महिने: ३,२०,०००. अर्धवेळ समन्वयक, महिना १२,०००: १,२०,०००. गोष्टीची पुस्तकं ४०,०००. तक्ते, काड्या, वह्या ३०,०००. वर्षातले सहा दिवस प्रशिक्षण २०,०००. दाखले-अर्जांसाठी ३०,००० (हे कशाला, ते पुढे कुणीतरी सांगेलच). राखीव ४०,०००. चार ताई, आठ गट, १२० मुलं, म्हणजे मुलामागे वर्षाला ५,०००. एवढ्यात प्रत्येकाला बरा टॅबसुद्धा येणार नाही.

बिघडतं कुठे, तेही ऐका. एखादे शिक्षक निवडणुकीच्या किंवा सर्वेक्षणाच्या कामावर गेले, की ताईंना त्यांच्या रिकाम्या वर्गावर बसवतात आणि महिनाभरात गट मोडतात. म्हणून शाळेबरोबरच्या पत्रात लिहूनच घ्या की ताई फक्त गट घेतील. दुसरी गोष्ट वेळेची. शाळा सुटल्यावर गट ठेवला की मोठ्या मुली येत नाहीत, कारण धाकटं भावंड सांभाळायचं किंवा पाणी भरायचं काम त्यांच्याकडे असतं. तास शाळेच्या वेळेतच मागा. तिसरी गोष्ट भाषेची. बांधकामावर आलेल्या घरांत कन्नड किंवा हिंदी बोलतात, अशा मुलांना आधी ऐकणं-बोलणं द्यावं लागतं. लगेच वाचायला बसवलं तर ती गप्प होतात आणि त्यांना "कच्ची" म्हणून शिक्का बसतो. त्यात त्या मुलांचा काही दोष नसतो.

मोजणी जूनअखेर, मग दिवाळीच्या सुट्टीआधी, मग मार्चमध्ये. तिन्ही वेळा तीच पद्धत, परिच्छेद मात्र वेगळा. ज्या ताईचा गट, तिने स्वतःच्या गटाची मोजणी करायची नाही.

वह्यांचं म्हणाल तर पहिली ते आठवीला पाठ्यपुस्तकं सरकारकडून मोफत मिळतात, आणि वह्या जूनमध्ये सगळेच वाटतात. तुम्ही नोव्हेंबर-डिसेंबरात द्या, तेव्हा पहिल्या वह्या भरलेल्या असतात.

जमाखर्च:
परवानगी आणि नोंदणीचं मी सांगतो.

शाळेच्या बाजूने सुरुवात शाळा व्यवस्थापन समितीपासून करा. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे या समितीत ७५ टक्के पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शाळा विकास आराखडा हीच समिती करते, तेव्हा तुमचं काम त्या आराखड्यात बसवून समितीचा ठराव घ्या. ठराव आणि मुख्याध्यापकांचं पत्र जोडून महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण समितीच्या प्रशासनाधिकाऱ्यांकडे अर्ज. अर्जात कोण, किती वाजता, कुठल्या खोलीत, किती महिने, एवढं तरी असावं. नुसतं "शैक्षणिक मदत करू इच्छितो" असं लिहिलं की कागद टेबलावर पडून राहतो. शाळेत जाणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी करून घ्या आणि मुलासोबत बंद खोलीत एकटं कुणी बसणार नाही, हा नियम लेखी ठेवा. मोजणीही दार उघडं ठेवून किंवा व्हरांड्यात घ्या.

तुमच्या बाजूने तीन वाटा आहेत. फक्त आपापसातले पैसे असतील तर आधीच नोंदलेल्या एखाद्या चांगल्या न्यासाला (ट्रस्टला) देणगी देऊन त्याच्यामार्फत काम करणं सर्वांत सोपं. लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल आणि न्यास नोंदलेला नसेल, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० च्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सवाला मंडळं घेतात तीच. ती तात्पुरती असते, तीन वर्षांच्या कामाला पुरत नाही. तिसरी वाट स्वतःचा न्यास नोंदवण्याची. ती घ्यायची असेल तर दरवर्षी लेखापरीक्षण, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज, हे सांभाळणारा माणूस आधी ठरवा. बदल अर्ज राहून गेलेले न्यास पुढे बँकेत सहीसाठी अडकतात आणि मुलांचं काम थांबतं.

करसवलतीबद्दल: ज्याला सगळे ८०जी म्हणतात ती वजावट जुनी करप्रणाली घेणाऱ्यालाच मिळते, नव्या प्रणालीत नाही. २,००० रुपयांच्या वर रोख दिलेल्याला मिळत नाही आणि वस्तू दिल्या तरी मिळत नाही. म्हणजे ५०,०००ची पुस्तकं स्वतः विकत घेऊन शाळेत दिलीत तर वजावट शून्य. तीच रक्कम न्यासाला बँकेतून दिलीत आणि न्यासाने पुस्तकं घेतली तर चालतं.

परदेशातल्या मित्रांचे पैसे येणार असतील तर जपून. भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय देणगी ठरत नाही. पण ज्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं आहे, त्याची रक्कम ठरते, मग तो जन्माने कोल्हापूरचा का असेना. ती घ्यायला केंद्र सरकारची वेगळी नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेत खातं लागतं. शिवाय २०२० पासून अशी नोंदणी असलेल्या संस्थेलाही ती रक्कम पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. "त्यांच्या खात्यात घेऊ, ते आपल्याला देतील" असं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या कारखान्यांकडे जायचं मनात असेल तर कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ बघा. नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी लागू असेल तर कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. शिक्षण त्यात बसतं. पण काम करणाऱ्या संस्थेला त्यासाठी वेगळी नोंदणी लागते आणि कामाचा तीन वर्षांचा अनुभव विचारतात. म्हणून पहिल्या वर्षापासून मोजणीचे तक्ते आणि हिशेब नीट ठेवा, चौथ्या वर्षी तेच दाखवायचे आहेत.

रंकाळा_काठ:
दोघांचेही आभार, यातलं बरंच आमच्या डोक्यातही नव्हतं. दोन गोष्टी राहिल्या. एक, शिष्यवृत्ती पूर्ण सोडायची का? दोन, आमच्यातल्या एकांना शाळेला डिजिटल वर्ग द्यायचाच आहे. त्यांना काय सांगू?

दाखला_दालन:
ताईदादा, शिष्यवृत्ती सोडू नका, पण स्वतःची नवी काढण्याआधी सरकारची जी आहे ती मुलांपर्यंत पोचते का बघा. मुलामागे हजार-दोन हजार खर्चून त्याच्या हक्काचे ४८,००० मिळवून देता येतात, असं काम दुसरं क्वचितच सापडेल.

आठवीला राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा असते, शाळांत तिला एनएमएमएसच म्हणतात. सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच ती आहे. सातवीला ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के) आणि पालकांचं वार्षिक उत्पन्न ३.५ लाखांच्या आत. बौद्धिक क्षमता चाचणी ९० गुण, शालेय क्षमता चाचणी ९० गुण, प्रत्येकी दीड तास. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,०००. महाराष्ट्राच्या वाट्याला ११,६८२ जागा आहेत.

पैसे कुठे सुटतात ते सांगते.

पहिलं, निवड झाल्यावर काम संपलं असं घरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नव्याने अर्ज भरावा लागतो, तो शाळेने आणि मग जिल्ह्याने तपासावा लागतो, आणि पुढे दरवर्षी नूतनीकरण. आठवीनंतर मूल शाळा बदललं, तर जुनी शाळा म्हणते नव्या शाळेत जा, नवी म्हणते परीक्षा तिकडून दिली, तिकडेच विचारा. त्यात मुदत निघून जाते.

दुसरं, नावं. आधारवर "बाळासो", शाळेच्या दाखल्यावर "बाळासाहेब", बँकेत तिसरंच. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच जातात आणि घरात दोन खाती असली तर जोडणी भलत्याच खात्याला असते. सातवीच्या दुसऱ्या सत्रातच प्रत्येक मुलाचं जन्मनोंद, आधार, शाळेचं रजिस्टर, बँक पासबुक असं चार कागदांवरचं नाव शेजारी-शेजारी लिहून तपासा. दुरुस्तीला महिने लागतात, म्हणून परीक्षेच्या वर्षी हे काम हातात घेऊ नका.

तिसरं, उत्पन्नाचा दाखला. त्याची मुदत संपते आणि जूनमध्ये सेतूत गर्दी. एप्रिल-मे मध्ये काढून घ्या. रोजंदारीवरच्या आईचा एक दिवस मोडला की त्या दिवसाची मजुरी गेली. कागद भरून देणं, फोटोप्रती काढून ठेवणं, एकाच खेपेत काम होईल असं बघणं, यासाठीच ते वरचे ३०,००० राखायचे.

चौथं, दहावीला ६० टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५५) लागतात, नाहीतर अकरावी-बारावीचे पैसे थांबतात. आणि अकरावीला विनाअनुदानित महाविद्यालयात गेलं तरी थांबतात. हे अकरावीचा प्रवेश घेण्याआधी घरी जाऊन सांगायला हवं. कुणी सांगत नाही, आणि घरच्यांना कळतं तेव्हा प्रवेश होऊन गेलेला असतो.

पुढच्या शिक्षणाचंही थोडं. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे, फक्त प्रवेश केंद्रीय फेरीतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की गेली. त्यामुळे अशा मुलीच्या फीसाठी देणगी देऊ नका. तिला अडतं ते खोलीभाडं, खानावळ, केएमटी बसचा पास, ड्रॉइंगचं साहित्य किंवा लॅपटॉप यावर. मुलांच्या बाबतीत निम्मी फी शासन भरतं ती राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, पण पैसे उशिरा येतात आणि महाविद्यालय प्रवेशाच्या वेळीच मागतं. तिथे फिरता निधी उपयोगी. बिनव्याजी, थेट महाविद्यालयाच्या खात्यात, शासनाचे पैसे आले की परत. लेखी घ्या, पण जामीनदार मागू नका. जामीनदार मिळत असता तर ते घर तुमच्याकडे आलंच नसतं.

कसबा_बावडा_१२:
डिजिटल वर्गाबद्दल. द्यायचाच असेल तर पडद्याच्या किमतीवर थांबू नका. वीज गेल्यावर चालणारी बॅटरी, कुलपाचं कपाट, इंटरनेटचं वर्षाचं बिल आणि दरवर्षी किमतीच्या १५ टक्के दुरुस्तीला, एवढं बाजूला ठेवलं तरच द्या. उद्घाटनानंतर सहा महिन्यांत बंद पडण्याची कारणं बहुतेक किरकोळ असतात: रिमोटचे सेल, संपलेला रिचार्ज, पासवर्ड माहीत असलेल्या शिक्षकांची बदली. पासवर्ड आणि दुरुस्तीवाल्याचा नंबर कपाटाच्या दारावर आतून चिकटवा.

आणि हे कोल्हापूर आहे. २०१९ आणि २०२१ चा पूर आठवा. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरी या बाजूच्या शाळांत कुठलंही यंत्र किंवा पुस्तकांचं कपाट तळमजल्यावर ठेवायचं नाही. वरचा मजला नसेल तर जुलै-ऑगस्टपुरतं हलवता येईल असंच घ्या. पुराच्या काळात शाळांची निवारा केंद्रंही होतात, तेव्हा त्या आठवड्यांत गट कुठे भरवायचे ते आधी ठरवून ठेवा.

यंत्रापेक्षा स्वच्छतागृहाला मी आधी पैसे देईन. सहावी-सातवीच्या मुली दुपारपर्यंत पाणी पीत नाहीत, कारण दाराला कडी नाही किंवा नळाला पाणी नाही. नवी इमारत नको. कडी, टाकी, मोटारीची दुरुस्ती, झाकणाची कचरापेटी आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे रोज साफ करणाऱ्या बाईंचा पगार. बांधकामाला देणगीदार मिळतात, झाडूला मिळत नाहीत.

अजून एक सुचवतो. राजर्षी शाहूंनी १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ ला मुस्लिम बोर्डिंग, १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. जागा, इमारत आणि वर्षाचं उत्पन्न लावून दिलं, म्हणून ही कामं टिकली. दसरा चौकातून जाताना ती परंपरा समोर दिसते. तुम्हीही वर्षाला ६ लाख खर्चण्यापेक्षा कायम निधी करा, म्हणजे मूळ रक्कम तशीच ठेवून नुसतं व्याज खर्चायचं, आणि ते गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडहून शिकायला येणाऱ्या मुलींच्या राहण्याला द्या.

पाटीपेन्सिल:
बावडेकर, कडीचं आणि झाडूचं म्हणणं मनापासून मान्य. कायम निधीचं मात्र या रकमेला पटत नाही. १८ लाख ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला १ लाख २६ हजार. त्यात दोन ताईंचाही १० महिन्यांचा पगार निघत नाही, आणि महागाईने ती रक्कम दरवर्षी आकसणार. शाहू महाराजांच्या मागे संस्थानाचा खजिना होता आणि १९१७ ला त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवण्याचा अधिकारही होता. आपल्याकडे तो नाही. आपल्या हातात असलेली गोष्ट म्हणजे आज सहावीत बसलेलं मूल. ते तीन वर्षांनी नववीत असेल, व्याज साचायची वाट बघत बसणार नाही.

मुलींच्या राहण्याची गरज खरीच आहे, पण त्यासाठी चालू वसतिगृहात चार-पाच मुलींचा वर्षाचा खर्च उचलणं जमेल. तो वेगळा निधी करा, यात मिसळू नका.

जमाखर्च:
कायम निधी पुढेमागे केलाच तर देणगीदाराच्या पत्रात "कायम निधीसाठी" हे शब्द हवेत आणि ती रक्कम वेगळी गुंतवलेली हवी. नाहीतर ती त्या वर्षाचं उत्पन्न धरली जाते आणि उत्पन्नाच्या ८५ टक्के कामावर खर्च करण्याच्या नियमात येते.

रंकाळा_काठ:
ठरलं तर मग. एक शाळा, चार ताई, मोजणी आणि दाखल्यांचं काम. डिजिटल वर्गाच्या पैशातून कड्या, टाकी आणि सफाईचा पगार देता येईल का, ते त्या सदस्यांना विचारतो. दोन शाळा एकदम का नकोत, हे बैठकीत विचारतील. आणि कार्यक्रम, फोटो याचं काय करायचं?

पाटीपेन्सिल:
दोन शाळा घेतल्या तर समन्वयकाचा निम्मा वेळ रस्त्यात जातो आणि एखादी ताई आजारी पडली की बदली कुणी उरत नाही. पहिल्या वर्षी एकाच इमारतीत चौघी असल्या की एकमेकींचा गट बघून शिकतात. मार्चच्या मोजणीनंतर दुसरी शाळा घ्या, आणि पहिल्या शाळेतली एक ताई तिकडे पाठवा.

शाळा निवडताना पट घसरत चाललेली घ्या. जरगनगरच्या महापालिका शाळेत प्रवेशासाठी पालक रांगा लावतात, तिथे तुमची तेवढी गरज नाही. पण जाऊन नक्की बघून या. महापालिकेची शाळा पालकांना हवीशी वाटू शकते, हे बैठकीत सांगायला त्याहून चांगलं उदाहरण नाही.

फोटोचं म्हणाल तर मुलाला हातात वस्तू देतानाचा फोटो काढूच नका. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याला त्यावरून बोल लागतात. मोजणीचा तक्ता नावं न घालता फ्लेक्सवर लावा: जूनमध्ये परिच्छेद वाचणारी इतकी, मार्चमध्ये इतकी. पालकसभेत मात्र मुलांना स्वतः उभं राहून गोष्ट वाचू द्या, आया ऐकायला येतात.

आणि तिसऱ्या वर्षी जानेवारीतच शाळेला लेखी कळवा, पुढे चालू ठेवणार की नाही. एप्रिलमध्ये कळवलं तर ताईंना दुसरं काम शोधायला आणि मुख्याध्यापकांना जूनचं वेळापत्रक बसवायला वेळ मिळत नाही.

दाखला_दालन:
सातवीच्या मुलांची नावं तपासायचा तक्ता मी इथे टाकते आहे, वहीत आखून घ्या. रकाने: हजेरी क्रमांक, शाळेच्या रजिस्टरवरचं नाव, जन्मनोंदीवरचं, आधारवरचं, पासबुकवरचं, आधार कुठल्या खात्याला जोडलं आहे, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत, आठवीला कुठल्या शाळेत जाणार. शेवटचा रकाना मे महिन्यात भरायचा आणि ऑगस्टमध्ये त्या नव्या शाळेत जाऊन मूल खरंच तिथे बसतं आहे का, ते बघून यायचं.